खुराड्याच्या दारावरचा तक्ता

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०

आजपासून रोज लिहिणार. वही ताईची आहे. पुढच्या चार पानांवर तिने शिवणाची मापं लिहिली आहेत, ती तशीच ठेवली. उरलेली सगळी माझी.

परिस्थिती अशी. ताईच्या परसात बारा कोंबड्या होत्या. गेल्या आठवड्यात एक आजारी पडून मेली. जनावरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, रोग खुराड्यात बसलाय, ते निर्जंतुक केल्याशिवाय बाकीच्यांना आत सोडू नका. म्हणून उरलेल्या अकरा जणी सध्या भावोजींच्या स्कूटरच्या शेडमध्ये आणि स्कूटर बाहेर उन्हात. ताईचा उजवा हात प्लास्टरमध्ये. तेव्हा काम कोणाकडे आलं ते उघड आहे.

मी चार दिवसांसाठी आलो होतो. डिसेंबरात.

काल जेवताना भावोजींनी विषय काढला. ते कधी आवाज चढवत नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो. म्हणाले, फ्रिजदुरुस्तीचा कोर्स अर्धा सोडलास, फोटोग्राफी अर्धी सोडलीस, ड्रायव्हिंग तर रिव्हर्स यायच्या आधीच सोडलंस. हे एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखव. हेही अर्धं राहिलं, तर मग तू तुझं दुसरीकडे बघ. ताईने पाठ फिरवली आणि पुसलेला ओटा डाव्या हाताने परत पुसला.

रिव्हर्सचं कारण वेगळं होतं. असो.

टार्गेट: खुराडं एका दिवसात. कोणी बघत राहील असं काम.

संध्याकाळी ६

आज सुरुवात झाली नाही, पण तयारी झाली. रबरी हातमोजे, मास्क आणि डोळ्यांवरचा प्लॅस्टिकचा चष्मा आणला. दुकान दहा मिनिटांवर. मला चार तास लागले, कारण दुकानाच्या बाहेर किल्ल्या करणारा बसतो. जुन्या कुलपाची किल्ली नुसत्या कानाने लावतो. अशी कला बघायला मिळत नाही.

ताईने विचारलं, आणि ब्लीच? ब्लीच राहिलं. उद्या.

४ मार्च, मंगळवार. दुपारी १

डॉक्टरांनी पाच पायऱ्या सांगितल्या होत्या. मी तीनपर्यंत नीट ऐकल्या, मग त्यांच्या बॅगेचं बक्कल बघत बसलो. नशीब, ताईने सगळं कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतलं. डाव्या हाताने लिहिल्यामुळे अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं आहे, पण लागतं. एक, जुना भुसा आणि शीट खरवडून सगळी बाहेर. दोन, साबणाच्या पाण्याने घासायचं. तीन, ब्लीच मापात पाण्यात घालून लावायचं, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. चार, स्वच्छ पाण्याने धुऊन दारं-खिडक्या उघड्या टाकून एक अख्खा दिवस हवा. पाच, वास पूर्ण गेला की मग कोंबड्या. खाली दोनदा रेघ मारून: ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही.

आता पाच पायऱ्या कोणाच्या लक्षात राहणार? मला सिस्टीम लागते. माझं आजवर जे जे अर्धं राहिलं ते सिस्टीम नसल्यामुळे, हे मला आजच कळलं. म्हणून तक्ता केला.

दुपारी ४

तक्ता अप्रतिम झाला आहे. वर हिरव्या अक्षरांत ‘खुराडं निर्जंतुकीकरण’. पाच ओळी, प्रत्येकीसमोर तारीख आणि टिकेसाठी चौकोन. ४ ला खरवडणे, ५ ला साबण, ६ ला ब्लीच, ७ ला धुणे आणि हवा, ८ ला कोंबड्या आत. कोपऱ्यात कोंबडीचं चित्र काढलं. चोच जरा पोपटासारखी आली, पण कोंबडी आहे हे कळतं. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन लॅमिनेट करून आणला, नाहीतर पाणी लागून खराब झाला असता. वरून टिक करायला पुसता येणारा मार्कर. चुकलं तर ओल्या फडक्याने जातं. माणसाने सगळ्या बाजूंनी विचार करायला हवा.

खुराड्याच्या दारावर खिळ्याला अडकवला. ताईने किती वेळ पाहिला. म्हणाली, तुझं अक्षर शाळेत असं असतं तर? भावोजी डेपोतून आल्यावर त्यांना हाताला धरून परसात नेलं. म्हणाले, तक्ता सुंदर आहे. आणि मग आत डोकावून बघत राहिले.

खरवडायला आज वेळ झाला नाही. तक्त्यात ४ तारीखच आहे. आता लॅमिनेशनच्या आत शाई आहे, ती कशी बदलणार? टिक करून ठेवली. उद्या दोन्ही एकदम करीन, म्हणजे हिशेब बसतो.

५ मार्च, बुधवार. सकाळी ११

सुरुवात केली. लिहायला बसलोय कारण डोळ्यांतून पाणी येतंय.

शीट एवढी घट्ट असते हे कोणी सांगितलं नव्हतं. वरचा भुसा निघाला. खाली बोटभर जाडीचा थर, सिमेंटसारखा. कोपऱ्यात अजून ओला. त्याला असा काही वास आहे की नाकातून सरळ मेंदूत जातो. पावणेदोन फूट खरवडलं.

शेजारच्या काकू भिंतीवरून बघत होत्या. म्हणाल्या, अरे, मुळापासून काढ रे बाबा. घाणीवर औषध ओतलंस तर औषध घाणीतच मरतं, जंतू तसेच. मी हो हो म्हटलं. काकूंना आधी कुंपणावरचा वेल काढायला सांगायला हवा.

विचार केला. ‘खरवडणे’ असं लिहिलंय. किती, ते लिहिलेलं नाही. तसं बघितलं तर खरवडणं झालेलं आहे.

संध्याकाळी

साबण घासायला ब्रश हवा होता म्हणून बाहेर पडलो. वाटेत नव्या इमारतीवर क्रेन चढवत होते. क्रेनच क्रेनला वर चढवते, हे लोकांना माहीतच नसतं. ब्रश आणला नाही. ५ तारखेची टिक सकाळी निघतानाच करून ठेवली होती, आल्यावर विसरलो असतो तर?

६ मार्च, गुरुवार

अंग मोडून आलंय. वासामुळेच. शरीराला एक दिवसाची विश्रांती दिली तर उद्या दुप्पट काम होतं.

ब्लीच आणलं मात्र. मोठा कॅन. तो जड पडतो म्हणून थोडं शरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून घेतलं. ताईने ती बाटली जेवणाच्या टेबलावर पाहिली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. बाटली मोरीत रिकामी केली, दहा वेळा विसळली, चेचली आणि कचऱ्यात टाकली, सगळं एका हाताने. मग म्हणाली, ज्या कॅनमधून आलंय त्यातच राहू दे रे. मला फार वाईट वाटलं. मदत करायला गेलो तर तिने हात झटकला.

टिक केली. दोन दिवस मागे पडलोय हे मान्य. पण काम मागे पडलं म्हणून तक्ताही मागे पाडायचा, याला अर्थ नाही. एक तरी गोष्ट वेळेवर चालली पाहिजे.

७ मार्च, शुक्रवार

ताईने आज विचारलं, धुऊन हवेला टाकलंस? टिक मी सकाळीच करून ठेवली होती. मी म्हटलं, तक्त्यावर बघ. हे खोटं नाही. तक्त्यावर बघ असंच म्हटलं.

ती चप्पल घालून परसात गेली, तक्ता बघून आली आणि म्हणाली, शाब्बास. शाब्बास हा शब्द मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. दुपारी झोप लागली नाही.

उद्या चारला कोंबड्या आत घेऊ, म्हणाली. शेडमध्ये एकमेकींच्या शेपट्या उपटायला लागल्यात.

प्लॅन: उद्या सकाळी सातला ब्लीच. सव्वासातला धुणं. मग चारपर्यंत हवा, म्हणजे जवळजवळ नऊ तास. डॉक्टरांचा एक दिवस म्हणजे उजेड असेल तेवढाच असणार.

८ मार्च, शनिवार. सकाळी ९.३०

झालं. थोडा उशीर झाला पण झालं.

उरलेलं खरवडलं नाही, त्याला वेळच नव्हता. मापाचं झाकण सापडेना, तेव्हा अंदाजाने, आणि थर जाड असल्यामुळे अंदाज जरा सढळ धरला. काहीही मिसळलं नाही. साबणसुद्धा नाही. ताईने दोनदा रेघ मारलेली ओळ मी अक्षरशः पाळली, हे इथे लिहून ठेवतो.

चष्म्यावर वाफ धरते म्हणून तो कपाळावर ठेवला होता. ओतल्या ओतल्या त्या ओल्या कोपऱ्यातून असा काही झणका आला की घसा आवळला. बाहेर पळालो. दहा मिनिटं खोकत होतो. म्हणजे औषध जोरात कामाला लागलंय. ते वाया जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं.

जरा मोकळ्या हवेत फिरून येतो. आलो की धुतो. बाराला म्हणजे बाराला.

संध्याकाळी ७.१५

काय लिहू.

बाहेर पडलो तर नाक्यावर एक जण दुकानाची पाटी रंगवत होता. हाताने. खडूने आखत नाही, पट्टी नाही, ब्रश टेकवला की अक्षर. त्याला डबा धरून द्यायला कोणी नव्हतं. मी धरला. म्हणाला, हात स्थिर आहे तुझा. पाटी मोठी होती. पुढे उन्हं उतरली तेव्हा लक्षात आलं.

आलो तेव्हा परसात काकू, डॉक्टर आणि ताई. खुराड्याचं दार सताड उघडं. कोंबड्या गवतावर, चोची उघड्या, माना ताणून, डोळ्यांना पाणी. एकीचा आवाज येत होता, रबरी खेळणं दाबल्यासारखा. मास्तरीण हलत नव्हती. मास्तरीण म्हणजे सगळ्यांत जुनी, बाकीच्यांच्या मागेपुढे तपासणीला आल्यासारखी चालणारी. ताईने तिला बुटाच्या खोक्यात वाढवली होती.

ताईने चार वाजता तक्ता बघितला, पाचातल्या चार टिका मोजल्या आणि एकेका कोंबडीला पदरात घेऊन, एका हाताने, अकरा फेऱ्या मारून आत सोडलं. दार लावलं. पाचाला दाणे टाकायला गेली तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी विचारलं, शीट न काढता ब्लीच ओतलं का? त्यात अमोनिया असतो. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू तयार होतो, बाहेरून काही मिसळावं लागत नाही. माणसाला ठसका लागतो, कोंबडीचा जीव जातो. कोणी केलं हे?

ताई म्हणाली, मी.

डॉक्टर तिच्या प्लास्टरकडे बघत म्हणाले, एका हाताने? ती म्हणाली, म्हणूनच नीट जमलं नाही. मग डॉक्टरांनी तिला दहा मिनिटं सुनावलं. ती मान खाली घालून ऐकत होती, वर्गात उभं केल्यासारखी. मी बाजूलाच होतो. माझ्या हातात एक कोंबडी दिली होती, तिला वारा घालत होतो. मी सांगणार होतो, पण डॉक्टर मध्ये थांबतच नव्हते.

९ मार्च, रविवार

दहा उरल्यात. दोघी अजून घरघरतायत. डॉक्टर म्हणाले, मोकळी हवा आणि पाणी, बाकी उपाय नाही. परत शेडमध्ये.

सकाळी ताई एकटी असताना विचारलं, तुला वास आला नाही का गं? (हे विचारायला नको होतं.) म्हणाली, आला. पण तुझी टिक होती.

उद्या नाश्त्याला भावोजींना सांगणार. वाक्य तयार आहे: भावोजी, परवाच्या प्रकारात थोडी माझीही चूक आहे. ‘थोडी’ काढावं का?

१० मार्च, सोमवार

नाश्त्याला भावोजी पेपर वाचत होते. पेपर वाचणाऱ्या माणसाला मध्येच काही सांगणं बरं नाही.

संध्याकाळी आतल्या खोलीतून ऐकू आलं. त्यांचा आवाज चढला होता. हे पहिल्यांदाच. हात मोडलेला असताना तुला कोणी घाई सांगितली होती? त्याला दिलं होतं ना काम? ताई म्हणाली, तो करत होता, मीच मध्ये हात घातला. मी बाहेर चपलांची रांग नीट लावत होतो. घरात एकूण सात जोड आहेत.

वाक्य बदललं: भावोजी, माझी चूक आहे. वाक्य लहान आहे, लक्षात राहील.

११ मार्च, मंगळवार. सकाळी

एक गोष्ट मात्र केली. झोपच येत नव्हती त्या तक्त्यापायी. दारावर चार खोट्या टिका, माझ्याच हातच्या. उठल्या उठल्या ओलं फडकं घेऊन पुसून टाकल्या. एका मिनिटात गेल्या. आता तक्ता खरं तेच सांगतो, की काहीही झालेलं नाही. बोलायच्या आधी निदान एवढं तरी प्रामाणिकपणे झालं. छातीवरचा दगड उतरला.

संध्याकाळी

भावोजी डेपोतून आले ते सरळ परसात गेले. खुराड्यासमोर उभे राहिले. मग ताईला हाक मारली. मीही गेलो.

म्हणाले, हे बघ. पोराने एवढा तक्ता करून ठेवलाय. एकाही चौकोनात टिक नाही. अगदी आंधळ्यालासुद्धा कळेल की काम व्हायचंय. आणि तू त्यांना आत सोडलंस.

ताई तक्त्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, दार उघडून कोण आलंय ते बघावं तेवढंच. म्हणाली, दिसलं नसेल मला.

भावोजी म्हणाले, तुझ्याच्याने आता हे होत नाही, सोड नाद. परवा टेम्पो येईल. माझ्या मित्राच्या फार्मवर जातील सगळ्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुला उगाच बोललो होतो त्या दिवशी, मनावर घेऊ नकोस.

मी म्हटलं, नाही नाही.

नाही नाही. एवढंच आलं तोंडातून.

१२ मार्च, बुधवार

आज ताईने शेडमध्ये स्टूल नेलं आणि सकाळभर बसली होती. दाणे डाव्या हातातून सांडत होते. कोंबड्यांना चालतं ते.

मी तीनदा दारापर्यंत गेलो. तिसऱ्यांदा ती न बघता म्हणाली, उन्हात उभा राहू नकोस. मी सावलीत जाऊन उभा राहिलो. नंतर आलो आत.

ती का बोलत नाही हे मला कळतं. बोलली तर मी घराबाहेर. मी बोललो तरी तेच. फरक एवढाच की मी बोललो तर कोंबड्या राहतात.

वही मिटतो.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी ३

टेम्पो दहाला आला. भावोजींनी अर्धा दिवस रजा काढली होती. ते आणि ताई घरात होते.

टेम्पोवाल्याकडे प्लॅस्टिकचे क्रेट, त्यांची झाकणं बाजूने सरकतात. मी म्हटलं, ही खटकी कशी बसते बघू. त्याने दाखवली. चांगली युक्ती आहे, आतून कितीही धक्का दिला तरी उघडत नाही. सहा कोंबड्या क्रेटमध्ये गेल्या तरी मी खटकीच बघत होतो. सातवी त्या दोघींतली, अजून घरघरणारी. टेम्पोवाला म्हणाला, ही आजारी दिसते, हिला काय झालं?

मी म्हटलं, मी केलं. शीट न काढता ब्लीच ओतलं, धुतलं नाही, टिका आधीच केल्या होत्या, नंतर पुसल्या. बहिणीने काही केलेलं नाही.

तो म्हणाला, अरे, मला काय सांगतोस, आत जाऊन सांग. मी गाडीवाला आहे.

गेलो आत. भावोजी पाणी पीत होते. तयार केलेल्या वाक्यांतलं एकही आठवलं नाही. जे टेम्पोवाल्याला सांगितलं तेच त्याच क्रमाने सांगितलं. पाटी रंगवणाऱ्याचंही सांगितलं, ते कोणी विचारलं नव्हतं.

भावोजींनी पेला खाली ठेवला. ताईला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, टिका मी मोजल्या होत्या ना. मग मला म्हणाली, मला वाटलं होतं, त्याच दिवशी सांगशील. मी डॉक्टरांपुढे जरा थांबलेसुद्धा होते.

ती थांबली होती. मी कोंबडीला वारा घालत होतो.

भावोजी बाहेर गेले. टेम्पोवाल्याला काहीतरी म्हणाले. क्रेट परत उघडले. मला जा म्हणाले नाहीत. राहा असंही म्हणाले नाहीत. मी बॅग भरून दाराशी ठेवली. तिथून कोणी ती आतही नेली नाही आणि बाहेरही.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६

दोन दिवसांत सगळा थर निघाला. कोपऱ्यासकट. शीट पोत्यांत भरून लांब नेऊन पुरली. साबणाने दोनदा घासलं, फळ्यांच्या फटीसुद्धा. चष्मा डोळ्यांवरच होता. आता वाळतंय. ब्लीच उद्या, मापाने. झाकण कॅनलाच होतं.

तक्ता काढून टाकला.

ताई दोन्ही दिवस परसात खुर्ची टाकून बसली होती, सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत. बोलली कमी. तिथे राहिलंय, एवढंच मधून मधून, आणि तिथे खरंच राहिलेलं असायचं. दुपारी ऊन तिच्या अंगावर आलं. मी म्हटलं, ताई, तू आत जाऊन पड, मी करतो सगळं.

म्हणाली, नाही. बसते मी.

आणि खुर्ची सावलीत न सरकवता, जिथून सगळं खुराडं दिसतं तिथे सरकवली.